चांदणी नसलेली मर्सिडीज

आमच्या गाडीच्या बॉनेटवर चांदणी नाही. ती जिथे उभी असायची त्या भोकात मी काळं रबरी बूच बसवलंय. भोसरीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलेलं, आठ रुपयांचं. सिग्नलला शेजारी थांबलेले लोक आधी गाडीकडे बघतात, मग बुचाकडे, मग माझ्याकडे. हिशोब जुळत नाही हे चेहऱ्यावर दिसतं. नाशिक फाट्यावर एका रिक्षावाल्याने न राहवून विचारलंच, "काका, कंटेसा ना ही?"

कंटेसा नाही. मर्सिडीज-बेंझ ई २५० डिझेल. कारखान्याच्या भाषेत डब्ल्यू १२४. जोडणी पिंपरीत, १९९६ची, पासिंग १९९७चं. मी ती २०१२ मध्ये घेतली, तिसरा मालक म्हणून.

मर्सिडीज म्हटलं की समोरचा लगेच बिल्डर किंवा नगरसेवक समजतो. माझं भोसरी एमआयडीसीत दोन मशिनींचं वर्कशॉप आहे, जिग-फिक्श्चरची, म्हणजे मशिनीवर जॉब पकडून ठेवायच्या साधनांची, कामं करतो. पार्टीचं पेमेंट नव्वद दिवसांनी येतं. अशा माणसाकडे ही गाडी कशी, हे सांगायचं तर सुरुवात ट्रकपासून करावी लागते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, १९७० साली टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, लागले आणि २००६ ला फिटर म्हणून रिटायर झाले. आमचं गाव कराडजवळ. अण्णांच्या लहानपणी गावात दोनच वाहनं यायची, एसटी आणि मर्सडी. मर्सडी म्हणजे ट्रक. कारखान्याचा ऊस, बाजाराचा गूळ, वऱ्हाडी मंडळी, सगळं मर्सडीतून. पुढच्या जाळीवर बशीएवढी तीन टोकांची चांदणी असायची आणि पोरं तिला हात लावायला चाकावर चढायची. मर्सडी चढावर कशी बोलते याची नक्कल अण्णा अजून करतात. दात नसल्यामुळे आता जरा जास्तच चांगली जमते.

टेल्को सुरू झाली १९४५ मध्ये, रेल्वेची इंजिनं बनवायला. १९५४ मध्ये तिने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपुरात ट्रक बनू लागले, टाटा-मर्सिडीज-बेंझ या नावाने. त्या काळात टेल्कोची सूत्रं सुमंत मुळगावकरांच्या हातात होती. अण्णांच्या पिढीतले लोक हे नाव घेताना नकळत सरळ बसतात. टाटांच्या सुमो गाडीतला 'सु' आणि 'मो' त्यांचाच, पण अण्णांना ते फार पटलेलं नाही. "माणूस केवढा, गाडी केवढी," म्हणतात. पिंपरीचा माळ घेतला तेव्हा मुळगावकरांनी तिथे झाडं लावून घेतली, तळं करून घेतलं. अण्णांनी छत्तीस वर्षं त्या झाडांच्या सावलीत डबा खाल्ला.

१९६९ ला करार संपला. ट्रकवरची चांदणी उतरली, तिच्या जागी टाटांचं 'टी' आलं. अण्णा लागले पुढच्या वर्षी. म्हणजे ज्या चांदणीला हात लावायला ते चाकावर चढायचे, तिचा ट्रक त्यांना कधी बनवायला मिळाला नाही. जुने ट्रक मात्र पुढे कितीतरी वर्षं रस्त्यावर होते, कारण ते मरतच नव्हते. मला स्वतःला आठवी-नववीपर्यंत वाटायचं की मर्सिडीज फक्त ट्रक बनवत असे आणि आता बंद पडली.

मग १९९४ मध्ये जर्मन परत आले, टेल्कोलाच बरोबर घेऊन कंपनी काढली आणि १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात ई-क्लास जोडायला लागले. सुटे भाग जर्मनीहून पेट्यांतून यायचे. अण्णांचं खातं वेगळं, त्यामुळे तिकडे फिरकायचा प्रश्न नव्हता. पण एकदा फर्स्ट शिफ्टला जाताना कंपनीच्या बसच्या खिडकीतून त्यांना कापडाखाली झाकलेल्या गाड्यांची रांग दिसली. एका गाडीचं कापड पुढून थोडं वर गेलेलं. घरी आल्यावर म्हणाले, "चांदणी परत आलीय." एवढंच. हातपाय धुतले आणि जेवायला बसले.

ते वाक्य माझ्या डोक्यात सतरा वर्षं पडून राहिलं.

२०१२ मध्ये सांगलीचे एक निवृत्त डॉक्टर गाडी काढतायत असं कळलं. मीटर १ लाख ६३ हजार. पंधरा वर्षं भरल्यावर पुन्हा पासिंग करून घेतलेली. दोन लाख पंचाहत्तर हजारांना ठरली. बायको म्हणाली, "यात थोडे घातले तर नवी वॅगन आर येते." बरोबरच होतं. मी गप्प बसलो, कारण उत्तर नव्हतं. डॉक्टरांनी किल्ली देताना एकच सूचना केली. हीटरचा दिवा गेल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही, आणि घाईत असाल तर रिक्षा करा.

गाडी चिंचवडला आणली तेव्हा अण्णा खाली उतरून आले. बनियनवरच. बसले नाहीत. एक फेरी मारली, दारावर बोटाची मागची बाजू वाजवून बघितली, मग म्हणाले, "उघड." मी दार उघडलं. "दार काय उघडतोस, बॉनेट उघड."

या गाडीचं बॉनेट आधी नेहमीसारखं तिरकं उघडतं. पण बिजागरीजवळची एक खिट्टी दाबली की ते आणखी मागे जातं आणि भिंतीसारखं सरळ नव्वद अंशांत उभं राहतं. मला हे माहीत नव्हतं. अण्णांनी बिजागरी बघितली, खिट्टी शोधली, दाबली आणि बॉनेट उभं केलं. मग दोन्ही हात मागे बांधून बराच वेळ आत बघत राहिले. शेवटी म्हणाले, "हे दुरुस्त करणाऱ्याला विचारून बनवलंय."

मग त्यांनी घरातून लांब स्क्रू ड्रायव्हर मागवला. गाडी चालू करायला सांगितली, स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनच्या ब्लॉकवर टेकवलं, मूठ कानाच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. टोक एकेका सिलिंडरपाशी सरकवत गेले. शेवटी डोळे उघडून मला विचारलं, "पाच?"

पाचच. चार किंवा सहा असतात हे सगळ्यांना माहीत, पण पाच सिलिंडरचं डिझेल इंजिन कारमध्ये मर्सिडीजने १९७४ मध्येच घातलं होतं. आवाज चारच्या खडखडीचा नाही आणि सहाच्या गुळगुळीतपणाचाही नाही. थोडासा लंगडत पण लयीत चालणारा. अण्णांना तो आवडला. त्या दिवशी ते गाडीत बसलेच नाहीत. बसले चार दिवसांनी, तेही पुढे, मागे नाही. "मागं बसायला मी काय आजारी आहे?"

यानंतर मी या कंपनीचा इतिहास वाचायला लागलो. मला सगळ्यात जवळची वाटली ती बेर्था बेंझ. कार्ल बेंझने मानहाइममध्ये तीन चाकांची मोटार बनवली आणि २९ जानेवारी १८८६ ला तिच्या पेटंटचा अर्ज केला, पेटंट क्रमांक ३७४३५. एक सिलिंडर, पाऊण हॉर्सपॉवर. आमच्या वर्कशॉपच्या कूलंट पंपाची मोटर साधारण तेवढीच असेल. कार्ल हुशार, पण भिडस्त. मोटार बनवली, पण ती लोकांसमोर पळवायची कशी, हे त्याला जमेना. त्याच्या धंद्यात पैसा होता तो बायकोचा. लग्नाच्या आधीच बेर्थाने वडिलांकडून आपला हुंडा मागून घेतला आणि कार्लच्या भागीदाराला पैसे देऊन बाजूला केलं होतं. तर ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे, नवरा झोपलेला असताना, या बाईंनी दोन मोठ्या मुलांना घेतलं, मोटार गुपचूप बाहेर काढली आणि माहेरी निघाल्या. मानहाइम ते फोर्झहाइम, शंभर किलोमीटरच्या वर. रस्ते बैलगाडीचे. पेट्रोल पंप जगात कुठेच नव्हता.

पुढचं आमच्या जुन्या गाड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तर कुणाला १८८८चं वाटणार नाही. इंधन संपलं. वाटेतल्या व्हीसलोख गावात औषधाच्या दुकानातून डाग काढायचं लिग्रॉइन विकत घेतलं. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने साफ केली. वायरचं आवरण घासलं, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा वाटेत एका चांभाराकडून त्यांवर कातडं मारून घेतलं. चढ आला की पोरांनी ढकलायचं. संध्याकाळी माहेरी पोचल्यावर बाईंनी नवऱ्याला तार केली. परत आल्यावर चढासाठी आणखी एक गिअर लागतो हे घरात ठरलं, आणि तो बसवला गेला. कारखाना नवऱ्याचा, पण गाडी वापरून तिच्यात काय कमी आहे ते सांगणारी पहिली व्यक्ती ही. मी बायकोला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नवरा झोपलेला असताना गेली, हे बरं केलं."

'मर्सिडीज' हे नाव दुसऱ्याच घराण्यातून आलं. गोटलिब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख यांचा कारखाना श्टुटगार्टजवळ कानश्टाटला. त्यांचं एक गिऱ्हाईक होतं एमिल येलिनेक, फ्रान्समध्ये नीसला राहणारा, पैसेवाला आणि भयंकर कटकट्या. अशी गिऱ्हाइकं आम्हालाही भेटतात. ड्रॉइंग पास करतात आणि माल तयार झाला की म्हणतात, अजून दोन मिलीमीटर खाली घ्या. फरक एवढाच की येलिनेकने १९०० मध्ये एकदम छत्तीस गाड्यांची ऑर्डर दिली, साडेपाच लाख सोन्याचे मार्क. अट अशी की गाडी बुटकी हवी, लांब हवी, ताकदवान हवी आणि तिला माझ्या मुलीचं नाव हवं. मुलगी मर्सिडीज, तेव्हा दहा वर्षांची. मायबाखने जी गाडी काढली ती पस्तीस हॉर्सपॉवरची, आणि तिच्या रेडिएटरमध्ये ८,०७० बारीक नळ्या मधाच्या पोळ्यासारख्या बसवलेल्या. मी या आकड्यापाशी फार वेळ अडकलो होतो. आठ हजार नळ्या, तेही १९००च्या हत्यारांनी. पहिली गाडी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नीसला गेली आणि पुढच्या मार्चमधल्या शर्यतींनंतर बाकीच्या मोटारी बग्गीला इंजिन लावल्यासारख्या दिसू लागल्या. येलिनेकने पुढे १९०३ मध्ये स्वतःचंच आडनाव येलिनेक-मर्सिडीज करून घेतलं. बापाने मुलीचं नाव लावायचं, हे आपल्याकडे करून दाखवा कुणी.

डाइम्लर आणि बेंझ हे प्रतिस्पर्धी कारखाने १९२६ मध्ये एक झाले. पहिल्या महायुद्धानंतर मार्कची माती झाली होती, एकट्याने तग धरणं दोघांनाही जड जात होतं. डाइम्लरांकडून चांदणी आली, बेंझकडून भोवतीची पानांची माळ. चांदणीची गोष्ट मला आवडते. डाइम्लर ऐन उमेदीत कोलोनजवळ डॉइट्सच्या इंजिन कारखान्यात नोकरीला होता. तिथून बायकोला पाठवलेल्या एका कार्डावर त्याने आपल्या घरावर एक चांदणी काढली होती. तो १९०० मध्ये गेला. पोरांना ते कार्ड आठवलं आणि १९०९ मध्ये चांदणीचा ट्रेडमार्क नोंदवला गेला. तीन टोकं म्हणजे जमीन, पाणी, हवा.

२०१८ मध्ये भाच्याकडे श्टुटगार्टला गेलो होतो. पुण्यातली निम्मी पोरं तिकडेच असल्यासारखी वाटतात; एका रविवारी त्याच्या घरी पोहे खायला आठ जण आले, त्यातले सहा पिंपरी-चिंचवडचे. रेल्वे स्टेशनच्या टॉवरवर एक प्रचंड चांदणी गोल फिरत असे, रात्री उजळलेली. मी अण्णांना व्हिडिओ कॉल करून दाखवली. ते म्हणाले, "बेअरिंगला तेल कोण देतं तिच्या?"

मर्सिडीजचं म्युझियम उंटरट्युर्कहाइमच्या कारखान्याला लागून आहे. लिफ्टने वर नेऊन सोडतात आणि गोल गोल उतरत खाली यायचं. वर पहिल्यांदा भेटतो तो पांढरा घोडा, मोटार नाहीच. मग बेंझचं तीनचाकी. मी रेसिंगच्या गाड्या भराभर मागे टाकल्या. राजेमहाराजे, पोप, हुकूमशहा यांच्या गाड्यांतही मन रमलं नाही. थांबलो ते एका टॅक्सीपाशी. २४० डी, १९७६ची. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीचा टॅक्सीवाला ग्रेगोरिओस साखिनिदिस याची. जुनीच घेतलेली. २००४ मध्ये त्याने ती म्युझियमला दिली तेव्हा मीटर ४६ लाख किलोमीटरवर होतं. छेचाळीस लाख. ज्या खोलीत हिरे ठेवावेत तिथे त्यांनी एक दमलेली टॅक्सी ठेवली होती.

मला वाटतं या कंपनीचा खरा धंदा आपल्याला कधी दिसलाच नाही. १९३६ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात त्यांनी २६० डी ही डिझेल कार मांडली, तिला उचलून धरलं टॅक्सीवाल्यांनी. नंतर मोरोक्कोत गावोगावच्या टॅक्सी म्हणजे जुन्या २४० डी. जर्मनीतही कितीतरी वर्षं टॅक्सी म्हणजे हीच. तिथे ती टॅक्सीवाल्याची, आपल्याकडे ट्रकवाल्याची. चामड्याच्या सीट आणि लाकडाची पट्टी ही नंतरची गोष्ट. माझ्या गाडीत लाकडाची पट्टी आहे, तडकलेली. फेविक्विकने चिकटवलीय.

म्युझियममध्ये आणखी एक भिंत होती. १९४४ मध्ये डाइम्लर-बेंझमध्ये ६३,६१० माणसं कामाला होती, त्यातली जवळजवळ निम्मी वेठबिगार, युद्धकैदी किंवा छळछावणीतून आणलेली. १९८८ मध्ये कंपनीने पीडितांच्या मदतीसाठी २ कोटी मार्क दिले. त्या दिवशी रात्री अण्णांना मी हे सांगितलं. फोनवर बराच वेळ आवाज नव्हता. मग त्यांनी विचारलं, "मशिनीवर त्यांनाच उभं करायचे?" हो म्हटलं. "मग झोप येत नसेल तिथल्या फोरमनला," म्हणाले, आणि नेहमीसारखं 'ठेवतो' न म्हणता फोन ठेवला.

गाडी वापरण्याबद्दल लोक दोनच गोष्टी विचारतात. ॲव्हरेज आणि मेंटेनन्स. ॲव्हरेज गावात नऊ, हायवेला तेरा. मेंटेनन्स पहिल्या वर्षी एक लाख चाळीस हजार, त्यात सस्पेन्शनचे सगळे बुश, शॉकअप, क्लच, चारही टायर. नंतरच्या वर्षांत सरासरी पंचवीस-तीस हजार. हे मी एका चोपडीत लिहितो, बायकोला ती चोपडी कुठे असते ते माहीत नाही असं मी मानून चालतो.

पावसाळ्यात मात्र ही गाडी बघावी. हिला वायपर एकच. एकच हात, काचेच्या मधोमध. पण तो नुसता गोल फिरत नाही. कोपऱ्याकडे जाताना लांब होतो, मध्यावर आला की आखडतो, परत लांब होतो. आत एक छोटी गिअरची यंत्रणा आहे, तिच्यामुळे काचेचा ८६ टक्के भाग पुसला जातो. खंडाळ्याच्या पावसात मागच्या सीटवरून माझी मुलगी लहानपणी तो मोजत बसायची. तिच्या मते तो व्यायाम करतो. मला त्यात एक ड्रॉइंग बोर्डावर वाकलेला माणूस दिसतो. दोन वायपर लावून मोकळा झाला असता.

आमच्या मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात. कासारवाडीत पत्र्याची शेड आहे. शारजात पंधरा वर्षं याच इंजिनांवर हात चालवलेला. लॅपटॉप नाही, स्कॅनर नाही. पहिल्यांदा गाडी बघून म्हणाले, "भाऊ, हिला दोनच गोष्टी नको. घाई, आनि हुशार मेकॅनिक."

दुसऱ्या गोष्टीचा अर्थ मला २०१५ मध्ये कळला. चाचा गावी गेले होते, गाडी थंडीत सुरू व्हायला वेळ घेत होती, म्हणून मी एका चकचकीत गॅरेजमध्ये ग्लो प्लग, म्हणजे सुरू करताना इंजिन आतून तापवणारे हीटर, बदलून घेतले. काचेचं ऑफिस, कॉफीचं मशीन, पावतीवर माझ्या नावाआधी 'मिस्टर'. दोन दिवसांनी साताऱ्याला भाचीच्या लग्नाला गेलो. मंगल कार्यालयाच्या दारात गाडी लावली, किल्ली फिरवली, काढली, खिशात टाकली. गाडी चालूच.

मला वाटलं भास. परत किल्ली लावली, फिरवली, काढली. इंजिन मजेत चाललंय. तोवर पोरं जमली. एका आजोबांनी हात जोडले. गिअरमध्ये टाकून क्लच सोडला असता तर बंद पडली असती, पण समोर दोन फुटांवर नवरदेवाची घोडी उभी होती आणि मला भाचीच्या लग्नात तसलं काही नको होतं. चाचांना फोन लावला.

ते हसायलाच लागले. "चावी काढून काय होनार भाऊ? डिझेल हाय ते. त्याला ठिनगी कुठं लागते?"

तेव्हा कळलं ते असं. डिझेल इंजिनाला स्पार्क लागत नाही, डिझेल मिळत राहिलं की ते चालत राहतं. या गाडीत किल्ली बंद केली की एका पातळ नळीतून हवेची ओढ पंपापर्यंत जाते आणि पंपाचं डिझेल थांबतं. त्या गॅरेजवाल्यांनी काम करताना ती नळी काढली आणि परत बसवायची राहिली. बॉनेट उघडलं, चाचांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे पंपाजवळचा छोटा खटका शोधला. त्यावर 'स्टॉप' लिहिलेलंच होतं. दाबला. इंजिनाने एक उचकी दिली आणि शांत झालं. जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, घोडी बिचकली ती बिचकलीच. नळी दोन बोटांनी जागेवर बसली. खर्च शून्य.

चांदणी गेली ती त्याच्या आदल्या वर्षी, २०१४ च्या दिवाळीत. रात्री पार्किंगमध्ये होती, सकाळी नव्हती. ती स्प्रिंगवर बसवलेली असते, कुणी धडकलं तर मोडू नये, लागू नये म्हणून दुमडते. त्यामुळे चोरालाही सोपी पडते. मला खरंच वाईट वाटलं. दोन रविवार जुन्या बाजारात हिंडलो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एकाने अडीच हजार सांगितले, डुप्लिकेट आठशे. घ्यावी म्हणून पाकीट काढलं आणि अण्णांना विचारावं असं मनात आलं. त्यांना फोन केला.

"आमच्या ट्रकवरची पण काढलीच होती की एकोणसत्तरला," ते म्हणाले. "ट्रक थांबले का?"

मी पाकीट आत ठेवलं आणि येताना बूच घेऊन आलो.

२०२१ मध्ये भाच्याने एक फोटो पाठवला. स्टेशनच्या टॉवरच्या कामासाठी ती फिरणारी चांदणी क्रेनने उतरवत होते. अण्णांना मोबाइल दाखवला. त्यांनी चष्मा वर करून क्रेनचा हुक नीट बघितला आणि मोबाइल परत दिला.

२०२२ मध्ये गाडीच्या पासिंगचं तिसऱ्यांदा नूतनीकरण झालं. एप्रिलपासून फी सहाशेची पाच हजार झाली होती आणि आमचं पासिंग मे महिन्यातलं. पर्यावरण कर वेगळा. इन्स्पेक्टरने चॅसी नंबर बघायला बॉनेट उघडायला सांगितलं, मी ते नव्वद अंशांत उभं केलं, आणि तो नंबर सोडून बिजागरीच बघत बसला. पुढची तारीख २०२७. डिझेलबद्दल रोज नवं काहीतरी छापून येतं, तेव्हा काय नियम असतील ते तेव्हा बघू. मीटर आज २ लाख ९१ हजारांवर आहे. इंजिन उघडलेलं नाही. ऑइल प्रेशरचा काटा हायवेला अजून तीनवर टेकलेला असतो.

रविवारी चाचा येणार आहेत. इंजेक्टरांच्या मधल्या परतीच्या बारीक नळ्या पाझरायला लागल्यात, बॉनेट उघडलं की डिझेलचा वास येतो. तीन फूट नळी नाना पेठेतून आणून ठेवायला सांगितलीय, कापडी विणीची, साधी नको. काल आणली. अण्णांनी ती दोन बोटांत दाबून बघितली, वास घेतला आणि विचारलं, कितीला दिली. मी सांगितल्यावर म्हणाले, "फसवलं तुला."